तीन आरमारांची घंटा

निवृत्त होऊन काही वर्षं झाली. गल्लीतली पोरं-टोरं, नातेवाईक, सकाळी फिरायला येणारी मंडळी, सगळे म्हणतात, ‘साहेब, एखादी केस सांगा की.’ त्यांना खून, दरोडे हवे असतात. माझ्या डोळ्यांपुढं मात्र आधी एक पितळी घंटा येते. नावं सांगणार नाही. का नाही, ते शेवटी कळेल.

तेव्हा मी कुरुंदवाडच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. नदीकाठच्या एका गावात ग्रामदैवताची घंटा चोरीला गेली. रीतसर फिर्याद घेतली, गुन्हा नोंदवला. देवस्थानाचे अध्यक्ष रोज सकाळी दहाला ठाण्यात येऊन माझ्यासमोर बसत. काही बोलत नसत, नुसते बघत. खरं सांगतो, आरडाओरडा करणारा फिर्यादी परवडतो, पण असा गप्प बसणारा नको.

आठवड्यानं खबऱ्यानं बातमी आणली. शेजारच्या गावात एक म्हातारा महिन्यापूर्वी शेतातल्या घरात राहायला आलाय, आणि त्यानं पडवीत भली मोठी घंटा टांगलीय. खबऱ्या म्हणाला, माणूस डोक्यानं अधू दिसतो, कारण दुपारी चार वाजता आठ ठोके देतो.

आम्ही अध्यक्षांना घेऊन गेलो. म्हातारा सत्तरीचा, काठीसारखा ताठ. आरमारातून निवृत्त झालेला; बोटीवर चार वाजता पहारा बदलताना आठ ठोके देतात, ती सवय. पुढं कोल्हापुरात वॉचमनची नोकरी केली, बायको वारल्यावर वडिलोपार्जित जमिनीवर आला. लोक त्याला बोटीवाले तात्या म्हणत. घंटा आरशासारखी लखलखत होती. अध्यक्षांनी बघताक्षणी सांगितलं, ‘आमचीच.’ आकार तोच, वजनही जवळपास तेवढंच. घंटा मुद्देमाल म्हणून जप्त झाली. तात्यांना अटक केली नाही, चौकशीला बोलावलं.

तात्या वेळेच्या पाच मिनिटं आधी आले. बसा म्हटलं तरी उभेच. मी विचारलं, घंटा कुठली? त्यावर त्यांनी जे सुरू केलं ते चहाच्या दोन फेऱ्या होईपर्यंत चाललं.

घंटा एका युद्धनौकेची. ती बोट इंग्रजांनी महायुद्धात बांधली, त्यांच्या आरमारात लढली. पुढं ती आपण घेतली. झेंडा बदलला, नाव बदललं. भटारखान्यात पावाच्या जागी चपात्या आल्या. पण इंजिन तेच आणि त्याचं खोकणंही तेच, असं तात्या म्हणाले. त्यांनी त्या बोटीवर अकरा वर्षं काढली. मग ती शेजारच्या एका छोट्या देशाला दिली गेली. तिथल्या खलाशांना शिकवायला तात्या पाच महिने बोटीबरोबर गेले. तिसरा झेंडा, तिसरं नाव. ‘लेक सासरी पोचवायला गेल्यागत गेलतो बघा,’ ते म्हणाले. पुढं कधीतरी जुन्या सोबत्याकडून कळलं की बोट गुजरातच्या किनाऱ्यावर तोडायला आलीय. तात्या गेले, पितळाच्या भावानं घंटा घेतली आणि रेल्वेनं मांडीवर ठेवून कोल्हापूरपर्यंत आणली.

गोष्ट झकास होती. पुरावा? पावती महापुरात वाहून गेलेली. शेजारी? कोल्हापुरात बायकोला आवाजाचा त्रास नको म्हणून घंटा कायम पेटीत, त्यामुळं कुणी पाहिलेलीच नाही. बोटीचं नाव घंटेवर असेल ना? होतं म्हणे. तिन्ही नावं होती, एकाखाली एक कोरलेली. पण बोटीवर रोज सकाळी पितळ घासायची शिस्त. ती सवय घरीही सुटली नाही. चिंच आणि राख घेऊन या बाबानं वीसेक वर्षं रोज घंटा घासली आणि तिन्ही नावं घासून साफ केली. स्वतःच्या हातानं, इतक्या मायेनं आपल्याच बाजूचा पुरावा नष्ट करणारा दुसरा माणूस मला भेटला नाही.

मी विचारलं, घरात कोण कोण आहे, ज्यांनी घंटा आधी पाहिली असेल?

‘कोण न्हाय, सायेब.’

हे खोटं होतं. पोलिसाला कान असतात. आतापर्यंत सविस्तर बोलणारा माणूस या एका प्रश्नाला दोन शब्दांत मोकळा झाला. मी मनात म्हटलं, सापडला चोर. वरिष्ठांचाही फोन आला होता, अटक कधी दाखवताय म्हणून. मी तात्यांना तोंडावर चोर म्हणालो आणि सांगितलं, उद्या अटकेच्या तयारीनं कपडे घेऊन या. ते ‘बरं’ म्हणाले. चोर म्हणालो तरी त्यांच्या आवाजात फरक नव्हता. याचा मला राग आला, उगाच का लपवू.

दुसऱ्या दिवशी तात्या कपड्यांची पिशवी घेऊन हजर झाले. सविस्तर पंचनाम्यासाठी घंटा मुद्देमाल खोलीतून बाहेर काढली. पंच म्हणून बाजारपेठेतल्या भांड्यांच्या दुकानाचे मालक होते. तीन पिढ्यांचं दुकान, लग्नाच्या भांड्यांवर नावं घालण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आमच्या हवालदारानं वजन करायला दोर बांधायचा म्हणून घंटा उलटी केली आणि सवयीनं चहाचा रिकामा कागदी कप तिच्यात टाकला.

‘कप काढा त्यातनं!’

सगळं ठाणं चपापलं. ओरडले होते तात्या. चोर म्हटल्यावर न चिडलेला माणूस कागदी कपासाठी चिडला. मी हवालदाराला बाजूला केलं, टॉर्च घेतली आणि घंटेच्या आत पाहिलं. आतून कुणी घासत नाही. आत काळपट पितळावर ओळीनं नावं कोरलेली होती. वर इंग्रजी नावं, पुढं वर्षं. सगळ्यात खाली गोल गोल अक्षरं, आपल्याला न वाचता येणारी. आणि मधल्या दहा-बारा नावांत एक मराठी नाव होतं, मुलीचं, बापाच्या नावासकट. बापाचं नाव माझ्यासमोरच्या जबाबावर होतं.

मी सगळ्यांना बाहेर काढलं. पंच आणि तात्या राहिले. मग तात्या खाली मान घालून बोलले. बोटीवर कुणाला मूल झालं की घंटा उलटी करायची, तिच्यात पाणी भरायचं, त्या पाण्यानं बाळाचं नाव ठेवायचं आणि ते आत कोरायचं. रीत इंग्रजांची, बोटीबरोबर आपल्याकडं आली. आपली माणसं त्याला बारसंच म्हणायची. पुढं त्या छोट्या देशाच्या पोरांना ती तात्यांनीच शिकवली.

‘मग हे काल का नाही सांगितलंत?’

‘सायेब, पोरगी आजऱ्याला दिलीया. मोठं घर हाय. घंटा गेली तर जाऊ दे, मी आत गेलो तरी चालंल. पोरीचं नाव पोलिसाच्या कागदावर नको.’

इतकी वर्षं माझा एक ठोकताळा होता, खोटं बोलतो तो चोर. खोटं कुणासाठी बोलतोय, हे विचारायची सवयच मला नव्हती. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली, आणि हा म्हातारा मनापासून आवडला.

पंचनाम्यात मी लिहिलं, ‘घंटेच्या आतील बाजूस इंग्रजी व अन्य परकीय लिपीत नावे कोरलेली आढळली.’ मधल्या नावांबद्दल अवाक्षर नाही. कायद्याच्या दृष्टीनं ते अपुरं होतं, मान्य. दुकानदारांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, ‘एवढं बारीक मला दिसत न्हाय साहेब,’ आणि सही केली. ताटावरचं मोहरीएवढं अक्षर वाचणारा माणूस तो. अध्यक्षांनाही आत बघायला लावलं. ते बराच वेळ वाकून राहिले आणि म्हणाले, ‘आमच्या देवाच्या घंटंत गोऱ्यांची पोरं कशाला येतील की.’ तात्यांना त्यांनी हात जोडले. त्यांची घंटा पुढच्या पंधरवड्यात एका भंगाराच्या गोदामात मिळाली. तात्यांची घंटा न्यायालयाच्या आदेशानं सुपूर्दनाम्यावर, म्हणजे लेखी हमीवर, परत गेली.

निवृत्तीनंतर एकदा त्या बाजूला गेलो तेव्हा वाट वाकडी केली. तात्या वाकले होते, घंटा तशीच झळकत होती. माहेरी आलेली लेक चहा करत होती. तात्यांनी मला घंटेखाली उभं केलं आणि आत बघायला लावलं. गोल अक्षरांच्या खाली नवी ओळ होती, भांड्यांच्या दुकानातल्या त्या ओळखीच्या हाताची. आमच्या ठाण्याचा मुद्देमाल क्रमांक.

‘तीन आरमारं झाली, ही घंटेची चौथी नोकरी,’ तात्या हळूच म्हणाले. ‘केली ती केली, लपवायची कशाला?’

तेवढ्यात लेक कप घेऊन आली. म्हणाली, बाबांना किती वेळा विचारलं, हा नंबर कसला, सांगतच नाहीत. आणि तुमची दोघांची ओळख कुठली?

मी तोंड उघडायच्या आत तात्या म्हणाले, ‘बोटीवर होते आमच्यासंगं. त्येंचाच नंबर हाय त्यो.’

तिनं माझ्याकडं पाहिलं. उभ्या नोकरीत मी खोटे जबाब हजारांनी ऐकले, कित्येकांना त्यापायी दम भरला. चहाचा कप हातात घेतला आणि म्हणालो, ‘व्हय. एकाच बोटीवर होतो आम्ही.’