ताशी अठरा किलोमीटर

१९ जुलै, १४:२०. तळा गावाहून माणगावकडे निघालेल्या लष्करी अॅम्ब्युलन्समध्ये आम्ही तिघे होतो: ईएमईची, म्हणजे लष्कराच्या वाहन-दुरुस्ती दलाची, कॅप्टन म्हणून मी, ड्रायव्हर नाईक म्हात्रे आणि स्ट्रेचरवर लान्स नाईक साळवी. त्या सकाळी साळवीने दरडीच्या ढिगाऱ्यातून दोघांना जिवंत काढले होते. तिसऱ्या वेळी दगड त्याच्या पोटावर आला. आत रक्तस्राव असावा. नाडी ११८. शस्त्रक्रियेची सोय माणगावलाच होती.

चढावर अॅक्सिलरेटर दाबताच खालून टक-टक ऐकू आले.

"हे कधीपासून?"

"कालधरनं हाय, मॅडम. मला वाटलं ऑक्सिजनचं सिलिंडर वाजतंय. गोणपाट कोंबला खाली."

जुन्या गाड्यांचे ड्रायव्हर वाजेल तिथे गोणपाट कोंबतात. चूक आमचीही होती. फर्स्ट परेड, म्हणजे सकाळची वाहन तपासणी, आम्ही गाडी उभी ठेवून करत असू. त्या दिवशीच्या तपासणीवर सही माझी होती.

पाय काढला की आवाज थांबे. गाडी उभी करून इंजिन रेझ केले, आवाज नाही. ताशी अठराच्या खालीही नाही. मी खाली शिरून मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांना पोहोचवणारा दांडा, हलवला. त्याचा सांधा, युनिव्हर्सल जॉइंट, सैल होता. वेगात तुटला असता तर शाफ्ट रस्त्यात रुतून गाडी उलटली असती.

रेडिओवर दुसरे वाहन मागितले.

"हरिहरेश्वरला आहे. दोन तास. निर्णय तुमचा. ओव्हर."

माणगाव चौदा किलोमीटर. शाफ्ट काढून फक्त पुढच्या चाकांच्या जोरावर जायचे तर काम पंचवीस मिनिटे, प्रवास एकवीस. अठराच्या वेगाने सत्तेचाळीस. बोल्ट गंजलेले दिसत होते. एखादा अडला तर हिशेब कोलमडणार. १४:३० ला मी गाडी पुढे काढायला सांगितले.

"म्हात्रे, अठरा. वर नाही."

साळवीने डोळे उघडले. "वरातीत चाललोय का रे?"

"गप पड. नवरा तूच हायस."

१४:४०, नाडी १३२. १४:५५, नाडी १४८, हात गार. म्हात्रेच्या हाकेला आता उत्तर येत नव्हते.

"मॅडम, चाळीस टाकू?"

"अठरा."

१५:०९ ला नाडी लागेना. आम्ही सव्वादोन किलोमीटर दूर होतो.

तीन दिवसांनी वर्कशॉपमध्ये तो शाफ्ट मी स्वतः काढला. एकही बोल्ट अडला नाही. रस्त्यावर तसेच झाले असते, तर आम्ही १५:०७ ला पोहोचलो असतो. लान्स नाईक साळवी, वय सव्वीस. वहीत त्याच्या नावाखाली मी शाफ्ट काढायला लागलेला वेळ लिहिला: सोळा मिनिटे.