पटले सरांच्या वाद्यवृंदातली क्लॅरिनेटची खुर्ची

चौदा डिसेंबर, रविवार, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे. पटले सरांच्या अमृतमहोत्सवाच्या उद्घाटनाला, त्यांनीच उभ्या केलेल्या वाद्यवृंदातले चार वादक मंचावरून उठवले गेले. आपल्या गौरव समितीचे एक सदस्य म्हणाले, "बँडवाले अंदर काहे बैठे हैं? चलो, गेट पे बजाओ, पाहुण्यांची गाडी येऊन राहिली." चौघे उठले. क्लॅरिनेट वाजवणारे देवाजी जाताना मला म्हणाले, "बाई, खुर्चीवर लक्ष ठेवजा." मी मान डोलावली.

गौरवग्रंथातला लेख असा सुरू करत नाहीत, हे मला कळतं. पण सरांचा गौरव आणि आपली लाज आता वेगवेगळी सांगता येत नाही.

सरांची माझी पहिली भेट रेल्वे वसाहतीतल्या हॉलमध्ये झाली. मी नुकतीच गोंदियात इंग्रजी शिकवायला लागले होते. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेलं व्हायोलिन आणि तिथलाच ताठा घेऊन तालमीला गेले. हॉलमध्ये जेमतेम सहा माणसं. मी विचारलं, "ऑर्केस्ट्रा कुठं आहे?" सर म्हणाले, "बाई, अर्धा लगनात गेला. वरात पोचली का येते."

सर दवनीवाड्याचे, नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. त्यांनी व्हायोलिनला शिक्षक आणि बाबू जमवले, फुंकायच्या वाद्यांना कामठ्याचे लग्नातले बँडवाले. तालमीची तारीख ठरवण्याआधी सर पंचांग उघडत. मुहूर्त असला की तालीम नाही. आम्ही कुरकुरलो की म्हणत, "त्यांची रोजी बुडवून तुमची सिंफनी कायले वाजवू?"

धान निघालं की आम्ही गावोगाव जायचो. दवनीवाड्यात 'आर्केष्ट्रा' आला म्हणून माणसं ट्रॅक्टर भरून आली. अर्धा तास व्हायोलिन ऐकल्यावर एक आजोबा ओरडले, "अन् बाई कवा नाचून राहिली?" सरांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या बाई नाचत नाहीत, रागावतात. गुमान बसून ऐका." ते बसले. पुढच्या वर्षी घरून सतरंज्या घेऊन आले. आज आमच्यातली तीन व्हायोलिनं त्याच गावच्या मुलींच्या हातात आहेत.

आता त्या खुर्चीचं सांगते. मोठ्या वाद्यवृंदात वाद्यं जुळवायला ओबो हे सनईसारखं वाद्य सूर देतं. आमच्याकडे ओबो कधीच नव्हता. सूर देवाजी देतात, आमच्या तारा त्यावर लागतात आणि मगच सर संचालनाची छडी उचलतात. मध्यंतरी देवाजींचे पुढचे दात गेले. दातांशिवाय क्लॅरिनेट धरता येत नाही. नागपूरहून दुसरा वादक आणा, असं आम्हीच सुचवलं. सर देवाजींना नागपूरला घेऊन गेले ते कवळीचं माप द्यायला. हिरड्या भरून कवळी बसेपर्यंत देवाजी त्याच खुर्चीवर बसून बोळक्या तोंडानं सूर धरत. पहिल्या दिवशी आम्ही हसलो. सर हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "लावा तारा."

ती खुर्ची, बाकीच्या तिघांच्या खुर्च्यांसकट, पाहुण्यांसाठी उचलली गेली. ती माझ्यासमोरून गेली. मी तोंड उघडलं नाही. वर्गात ज्या बाईंच्या आवाजानं खिडक्या वाजत, त्या बाईंनी. स्वागत वाजवून चौघे परतले तर त्यांना दारातच सांगण्यात आलं, "जगह नहीं है."

सर मंचावर आले, थांबले. सूर येईना. कुणीतरी मोबाईल पुढे केला, "सर, इसमें सूर है." सरांनी छडी नोटेशनच्या स्टँडवर ठेवली, पायऱ्या उतरले आणि बाहेर निघून गेले. आम्ही व्हायोलिनं मांडीवर घेऊन बसून राहिलो. भाषणं झाली. शाल पांघरायला माणूस नव्हता, म्हणून ती स्टँडला पांघरली. टाळ्याही वाजल्या.

मी बाहेर आले तर सर चौघांसोबत कठड्यावर शेंगा खात बसले होते. "संपली का भाषणं, बाई? बसा," म्हणाले आणि शेंगा पुढे केल्या. देवाजींनी खुर्चीचं नावही काढलं नाही. दोघांपैकी कुणी एक रागावले असते तर मला रात्री झोप लागली असती.

मुख्य सोहळ्याला सर येतील का, हे अजून ठरलेलं नाही. त्यांनी समितीला निरोप धाडला आहे, "चार खुर्च्या असल्या तर येतो. शाल नको." निरोपाला उत्तर नाही, ग्रंथ मात्र छापायला चालला आहे.

सरांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, हे या ग्रंथात सगळेच लिहितील. मीही मनापासून लिहिते. त्यांचा हात अजून स्थिर आहे, कान तर आम्हा सगळ्यांहून तिखट. अजून पुष्कळ वर्षं त्यांनी छडी उचलावी आणि आमच्या चुका काढाव्यात. पण छडी उचलायला आधी सूर लागतो.

म्हणून समितीनं देवाजी आणि त्यांच्या तीन साथीदारांची माफी मागावी आणि मंचावरच्या चार खुर्च्या त्यांच्याच राहतील असं लिहून द्यावं. ते पत्र मला नको. कामठ्याला जाऊन त्यांच्या हाती द्या. ते जमत नसेल तर हा लेख छापू नका आणि मंचावर माझीही खुर्ची मांडू नका. मी बाहेर कठड्यावर बसेन.

लेखी उत्तर एकतीस डिसेंबर, दुपारी बाराच्या आत.