समुद्राला पूर आला त्या दिवशी

हे प्रकरण मी विसरलो नाही, आणि विसरीन असं वाटत नाही. माझं शिक्षण कमी. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार होऊन घरी बसलो. लिहिण्याची सवय ती स्टेशन डायरीची आणि जबाबाची, तेव्हा सरळ लिहितो. नावं कुणाचीच देत नाही. ती माणसं अजून इथंच राहतात, बाजारात भेटतात.

निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. माझी बायको जाऊन आठ महिने झाले होते. घरी करमत नव्हतं, म्हणून मी साप्ताहिक सुट्टीलाही ठाण्यात जाऊन बसायचो. ठाणे अंमलदार चेष्टा करायचा, "जमादार, पलंगच आणून टाका इकडं." मी हो म्हणायचो.

एका सोमवारी हजेरी उरकली आणि एक बाई अर्ज घेऊन आली. माहेर केदारखेड्याचं, सासर धावड्याचं. तिचा बाप, वय सत्तरच्या पुढं, आठवड्याखाली कोकणात हरवला होता. शेती केलेला माणूस. सोबत त्याचा मुलगा, म्हणजे या बाईचा धाकटा भाऊ, जालन्यात एका कार्यालयात लिपिक. त्यानंच बापाला समुद्र दाखवायला नेलं होतं. "तालुक्याच्या बस स्टँडवर मी तिकीट काढायला गेलो, मागं आलो तर अण्णा नव्हते," अशी त्यानं तिकडच्या ठाण्यात बेपत्ताची नोंद केली, दोन दिवस थांबला आणि एकटा परत आला.

"मंग तुमचं म्हणणं काय?" मी विचारलं.

"भाऊ माझ्या डोळ्यात बघंना," बाई म्हणाली. "मी इचारलं की कोपऱ्यात जाऊन बसून राह्यला. एवढंच लिहा."

हे काही पुराव्यात बसत नाही. मी अर्ज आवक केला, केदारखेडा माझ्याच बीटात म्हणून चौकशीही माझ्याकडंच आली. दुसऱ्या दिवशी फोन आला. पुरुषाचा आवाज, नाव सांगेना.

"म्हाताऱ्याच्या वहाणा पोराच्या घरी गच्चीवर वाळू घातल्यात. जल्दी बघून घ्या."

"तू कोण?"

"मी कोण ते सोडा. म्हातारं अनवाणी हरवलं का, एवढं त्याला इचारा." त्यानं फोन ठेवला. तो कोण होता ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

दोन पंच घेऊन मुलाच्या घरी गेलो. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं टायरच्या तळाच्या वहाणा होत्या. पट्ट्याच्या शिवणीत बारीक वाळू. पंचनामा केला, वहाणा जप्त केल्या. ठाण्यात बाईनं त्या ओळखल्या आणि जी रडायला बसली ती उठेना.

आमचे साहेब म्हणाले, "जमादार, आता उघड आहे. बापाचा काटा काढला यानं."

मलाही तसंच वाटलं. खोटं कशाला सांगू? मुलाला समोर बसवलं तेव्हा मी त्याला मनात आरोपी करून टाकला होता. पस्तिशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, दाढी वाढलेली.

"या वहाणा कोणाच्या?"

"अण्णाच्या."

"मंग स्टँडवर तुझा बाप अनवाणी फिरत होता का?"

"नवीन चप्पल घेऊन दिली होती."

"कोणत्या दुकानातून?"

गप्प. मी आवाज चढवला, टेबल आपटलं. कानाखाली वाजवली नाही एवढंच, बाकी सगळं बोललो. तो मान खाली घालून बसला. माझ्या अनुभवात खुनी माणूस फार बोलतो. दहा गोष्टी सांगतो, आपली रजा, आपली तब्येत, कोणी पाहिलं, कोणी नाही. हा पाणीसुद्धा मागेना. पण मी तिकडं लक्ष दिलं नाही, रागात होतो.

दुपारी चहा आला. टेबलावर त्या वहाणा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या. त्यांच्याकडं बघत बसलो आणि मला शहागडचा घाट आठवला. बायकोच्या अस्थी घेऊन गोदावरीवर गेल्तो. पाण्यात उतरायच्या आधी मी बूट काढले. कोणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडं नदीत कोणी पायताण घालून पाय टाकत नाही, गंगा आहे ती. घाटावर गर्दी होती म्हणून माझे बूट माझ्या मुलानं हातात धरले होते. परत येताना गाडीत बसलो तरी ते त्याच्याच हातात होते, दोघांच्याही ध्यानात नव्हतं.

मी खुर्ची जवळ ओढली आणि हळू विचारलं, "अण्णा समुद्राच्या पाया पडले का रे?"

त्यानं वर बघितलं. मग तो असा रडला की बाहेरचा पहारेकरी आत डोकावला.

"मीच मारलं साहेब त्यांना," तो म्हणाला. "मीच मारलं."

साहेबांनी दारातून ऐकलं. "झाली कबुली," म्हणाले.

मी म्हटलं, "साहेब, कसं मारलं ते अजून सांगितलं न्हाई त्यानं."

ते असं होतं. त्याची आई वर्षापूर्वी वारली. तिला एकदा समुद्र बघायचा होता. मुलगा नोकरीला लागल्यापासून दरवर्षी म्हणायचा, चला. बाप म्हणायचा, पेरणी आहे, काढणी आहे, म्हशीकडं कोण बघणार. ती गेली. मग एक दिवस बाप आपणहून म्हणाला, मला समुद्र दाखव.

कार्यालयातल्या मित्रांनी याला एक वाट सांगितली होती. किनाऱ्यावरच्या देवळापासून निघायचं, कड्याखालच्या खडकांवरून समुद्र धरून चालत वाळूच्या एका लहानशा पुळणीवर जायचं, तिथून डोंगर चढून वरच्या सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरून, फिरून परत देवळाशी. दिवसभराचा फेरा. सकाळी पाणी उतरलेलं होतं, खडक उघडे होते. दोघं अर्ध्या वाटेवर त्या पुळणीवर पोचले. बापानं वहाणा काढल्या, मुलानं त्या पिशवीत घातल्या. बाप पाण्यात उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, "लई मोठं हाय रे. तुझ्या आईला आवडलं असतं."

तेव्हा याच्या तोंडून गेलं, "ती म्हणत होती तेव्हा आला न्हाईत. आता ती गेल्यावर कशाला बघता?"

बाप पाण्यातून बाहेर आला. मग म्हणाला, "तू वरून जा. मी आल्या वाटनं जातो. मला तुझ्यासंगं चालायचं न्हाई." हाही रागात होता, वर निघून गेला. फेरा गोलच आहे, देवळाशी भेटतीलच, असा हिशेब. वहाणा पिशवीतच राहिल्या.

हा तीनच्या सुमाराला देवळाशी पोचला. बाप नाही. खाली बघतो तर सकाळची वाटच नाही. कड्याला लाटा आपटून राह्यल्या. आपल्याकडं धरणाचं पाणी एकदा उतरलं की पाऊस येईतो उतरलेलंच असतं, उघड्या पडलेल्या गाळात लोक पेरतात. दिवसात दोनदा पाणी परत वर येतं हे याला ऐकून माहीत होतं, पण ध्यानात आलं नाही. दोन दिवस पाणी उतरलं की हा खडकांवर शोधायचा. काही सापडलं नाही. बाप बुडाला असं त्यानं धरलं, आणि का एकटा सोडला हे सांगायला तोंड होईना, म्हणून स्टँडची गोष्ट रचली. तिकडचे पोलीस स्टँडवरच शोधत बसले.

"बहिणीला काय सांगू साहेब? मी असं बोललो म्हणू?"

साहेबांना ते पटलं नाही. "वाट दाखवायला लाव. प्रेत मिळालं तर ठीक, नाही तर गुन्हा दाखल करू." मी, एक शिपाई आणि तो मुलगा, असे एसटीनं निघालो. तिकडच्या ठाण्यात नोंद केली आणि सकाळी देवळापासून चालायला लागलो. मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघत होतो. खडक काळे, धारदार, शेवाळानं निसरडे. मी दोनदा पडलो. मुलगा पुढं जाऊन प्रत्येक कपारीत वाकून बघायचा. त्याच्याकडं बघवत नव्हतं.

पुळणीवर एक माणूस जाळं शिवत बसला होता. त्याला तो दिवस आणि वेळ सांगितली.

"दुपारी? अहो, भरती होती तेव्हा. खालून कोण येणार?"

मुलगा वाळूत खालीच बसला.

मी उभा राहून कड्याकडं बघत होतो. मनात म्हटलं, हा बाप नदीकाठचा शेतकरी. त्याला भरती माहीत नाही. पाणी चढताना दिसलं तर त्याला काय वाटेल? आपल्याकडं पाणी वाढायला लागलं की एकच अर्थ असतो. आणि तेव्हा आपला माणूस पाण्याकडं बघत उभा राहत नाही, मिळेल त्या जागेनं वर पळतो. थोडं पुढं कड्यात एक घळ होती, करवंदीच्या जाळ्या माजलेल्या. त्या दोघांना मागं घेऊन त्यातून मी वर चढलो, हात ओरबाडून निघाले. वर कातळ तव्यासारखा तापलेला. अनवाणी म्हातारा यावरून कुठवर जाईल? पहिल्या सावलीपर्यंत. समोर हाकेच्या अंतरावर आंब्याची चार झाडं आणि एक कौलारू घर दिसत होतं.

अंगणात एक म्हातारी भात पाखडत होती. मी विचारायच्या आधी तीच म्हणाली, "त्या पुरवाल्या बाबांकडे आलात काय?"

"कोण पुरवाले?"

"अहो, अकरा दिवस झाले. भर दुपारी बोंबलत आले वर. पूर आला, पूर आला, गुरं सोडा! मी आतून बाहेर येते तर माझी गाय सोडून पार सड्यावर हाकलली यांनी!" सांगताना ती अजून हसत होती. "कोण तुमचं विचारलं तर म्हणाले, कोणी नाही. पाय भाजलेले, फोड आलेले. म्हटलं राहा. पोलीस पाटलाच्या कानावर घातलंय मी, हो."

म्हातारा गोठ्यात होता. मुलाला मी फाटकाशीच थांबवलं.

"राम राम," मी म्हटलं.

आवाज ऐकून त्यानं मान वळवली. "कोण गाव?"

"जालन्याकडचा."

माझे केस बघून म्हणाला, "पोलीस का?"

"व्हय. तुमच्या पोरावर खुनाचा वहीम हाय."

"कोणाच्या खुनाचा?"

"तुमच्या."

तो हसायला लागला आणि मध्येच थांबला. "त्यानं काय सांगितलं?"

"मीच मारलं म्हणून राह्यला."

म्हाताऱ्यानं हातातला चारा खाली ठेवला. "येडं हाय ते," म्हणाला. "खरं बोललं त्या दिवशी. चाळीस वर्षांत तिनं माझ्याकडं दुसरं काही मागितलं न्हाई. मी तिला म्हशीचं कारण सांगितलं, जमादार. म्हशीचं!"

"घरी चला."

"घरी काय हाय? तुमची घरची हाय का?"

"न्हाई. आठ महिने झाले."

"मंग तुम्हाला करमतं का घरी?"

"बिलकुल न्हाई."

"आन मला चला म्हणता."

मी म्हटलं, "चला म्हणत न्हाई. तुम्ही सज्ञान माणूस, राहायचं तर राहा. पण ते पोरगं फाटकाशी उभं हाय, त्याला जिता बाप दाखवून मंग राहा."

तो बाहेर आला. मुलगा फाटक धरून उभा होता. बापानं त्याला वरून खालपर्यंत बघितलं.

"अकरा दिवस? रजा तरी शिल्लक हाय का तुझी?"

"बिनपगारी टाकली, अण्णा."

"तुझी आई असती तर लई शिव्या घातल्या असत्या," म्हातारा म्हणाला. "तुला न्हाई. मला." आणि त्यानं मुलाच्या मानेला हात घालून त्याला जवळ ओढलं.

नंतर म्हातारीच्या ओसरीवर जबाब घेतला. स्वखुशीने गेलो होतो, कोणाविरुद्ध तक्रार नाही. त्यानं अंगठा उठवला. बहिणीला फोन लावून दिला, ती आधी रडली, मग भावाला यथेच्छ बोलली. चौघं एसटीनं परत आलो आणि ठाण्यात नोंदीपुढं लिहिलं, सदर इसम सुखरूप मिळून आला. साहेबांनी सही केली आणि दुसरी फाईल ओढली.

या प्रकरणानं मला एक शिकवलं, पण उशिरा. माणूस खोटं बोलतो हे मी नोकरीभर पकडत आलो. तो ते कशाच्या भीतीनं बोलतो एवढंच मी बघायचो. शिक्षेच्या भीतीनं, बदनामीच्या भीतीनं. आपल्याच तोंडून गेलेल्या एका वाक्याची लाज वाटून माणूस खुनाचा आळ अंगावर घेईल, हे माझ्या डोक्यात आलं नसतं. तेव्हापासून कोणी गप्प बसला की मी टेबल आपटायचं सोडलं. नोकरी मात्र वर्षभराचीच उरली होती.

दुसरी गोष्ट माझी स्वतःची. माझ्या बायकोनंही एकच मागितलं होतं. दिवाळीला घरी थांबा. मी दर दिवाळीला बंदोबस्ताचं कारण सांगितलं. त्यातले निम्मे बंदोबस्त मी मागून घेतलेले होते, हे तिलाही माहीत होतं. माझा मुलगा पुण्याला असतो, चांगला आहे, रविवारी न चुकता फोन करतो, गोळ्या घेतल्या का विचारतो. त्या केदारखेड्याच्या पोरानं बापाला जे समुद्रावर सुनावलं, ते मला माझ्या मुलानं कधी सुनावलं नाही. सुनावायला पाहिजे होतं. मी वाट बघतोय.