जगातले पहिले दहा मॅनेजर आणि एक शिकाऊ ड्रायव्हर

मास्तरांना गाडी शिकवायला लागून इतकी वर्षं झाली होती, की शहरातले निम्मे ड्रायव्हर आपल्याच हाताखालून गेलेत असं ते बिनदिक्कत सांगत आणि कुणी खोडून काढत नसे. त्यांची छोटी पांढरी गाडी होती, छपरावर ‘शिकाऊ’ अशी पाटी होती, आणि मास्तर बसत त्या बाजूलाही पायाशी एक क्लच आणि एक ब्रेक होता. चाक मात्र एकच, तेही शिकणाऱ्याच्या हातात. हात मांडीवर आणि पाय तयारीत ठेवून आठवडाभर मास्तर असे दुसऱ्याच्या भरवशावर शहरभर हिंडत. आवाज कधी चढवत नसत. शिकणाऱ्याची फारच पाचावर धारण बसली तर गाडी कडेला घ्यायला सांगत, काच खाली करत आणि त्याचा श्वास जागेवर येईपर्यंत बाहेर बघत बसत.

सगळा आवाज ते रविवारसाठी राखून ठेवत असावेत.

रविवारी दुपारी त्यांचा मेव्हणा, म्हणजे मास्तरीणबाईंचा धाकटा भाऊ, आपल्या चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढी. मास्तर वाकून आत शिरत, आणि जगातले सर्वांत चांगले दहा फुटबॉल मॅनेजर ठरवायचं काम सुरू होई. खेळाडूंबद्दल दोघेही फारसं बोलत नसत. खेळाडू काय, कुणालाही कळतात, असं मेव्हण्याचं मत. चेंडूला पाय न लावता, मैदानाच्या कडेला नुसता उभा राहून जो सामना जिंकतो किंवा घालवतो, तो माणूस ओळखणं खरं अवघड.

ह्या मॅनेजरांची परदेशी नावं दोघे दोन तऱ्हांनी उच्चारत. त्यावरूनच अर्धी दुपार भांडणात जाई. शेवटी त्यांनी नावंच सोडून दिली आणि बारसं नव्याने केलं. आग लागली तरी घड्याळ बघत उभा राहणारा तो थंडोबा. कागदावर बाण काढत बसणारा प्रोफेसर. मग लांबकोट, मग चिडका, मग गोल झाला की स्वतःच मैदानात धावत सुटणारा नाचऱ्या. आणि यादीच्या शेपटाला कसाबसा लोंबकळणारा गप्प्या. हा गप्प्या हाताची घडी घालून बाकावर बसे तो सामना संपल्यावरच उठे. यादी कुठे लिहून ठेवलेली नव्हती. त्यामुळे मागच्या रविवारी लांबकोट तिसरा होता की चौथा, इथूनच नव्या रविवारची सुरुवात होई, आणि दोघांनाही त्याचं काही वाईट वाटत नसे.

आपल्या शहराच्या क्लबचा मॅनेजर यादीत घ्यायचा नाही, एवढा एकच नियम होता. तशी वेळही कधी आली नव्हती. त्या वर्षी तर क्लब खालच्या गटात घसरला आणि मॅनेजरसाहेबांना नारळ मिळाला.

शिकवणीच्या वेळा मास्तरीणबाई फोनवर ठरवत. एके सकाळी त्यांनी फोन ठेवला आणि मास्तरांना सांगितलं, की उद्यापासून एक नवे गृहस्थ येणार आहेत, वयाने मोठे आहेत, रस्त्यावर गर्दी व्हायच्या आतली वेळ मागतायत आणि नाव सांगायला कां-कूं करतायत. मास्तर म्हणाले, असतील कुणी लाजरे. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर टोपी डोळ्यांपर्यंत ओढून उभा असलेला उंच माणूस गाडीत शिरला, डोकं छपराला टेकलं म्हणून त्याने टोपी काढली, आणि मास्तरांनी बघितलं तर खुद्द मॅनेजरसाहेब.

साहेबांनी आपण होऊनच सगळं सांगितलं. विशीच्या आतच ते खेळायला लागले, तेव्हा संघाची बस होती. मॅनेजर झाले तेव्हा क्लबची गाडी आणि क्लबचा ड्रायव्हर आला. मधल्या काळात बायको चालवायची. गाडी शिकायची वेळच आली नाही. आता दूरच्या एका गावातल्या लहानशा क्लबने बोलावलंय, पण तिथला सराव संपतो तेव्हा परतीची बस नसते. बायकोला रोज एवढं पिटाळायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

“एक विनंती आहे मास्तर,” ते म्हणाले. “हे कुणाला सांगू नका. लोक आधीच हसतायत. याला गाडीही येत नाही, एवढं एकच ऐकायचं राहिलंय.”

मास्तरांनी शब्द दिला. देताना त्यांच्या डोळ्यांपुढे मेव्हण्याचा चेहरा आला, पण शब्द तो शब्द.

साहेब शिकायला कच्चे होते. चाक असं घट्ट धरत, जसं काही ते कुणी हिसकावून नेणार आहे. गिअर बदलताना खाली वाकून बघत. एकदा वळणावर त्यांनी दिव्याच्या खांबाला सॉरी म्हटलं. मास्तर आपले शांतपणे, ‘हळूहळू क्लच सोडा, घाई नाही’ म्हणत राहिले. मनातला प्रश्न मात्र जिभेच्या टोकावर नुसता वळवळत होता. अखेर एका सकाळी रेल्वेचं फाटक बंद लागलं, मालगाडी संपता संपेना, आणि मास्तरांना राहवलं नाही. जगातला सर्वांत चांगला मॅनेजर कोण, असं त्यांनी विचारून टाकलं. टोपणनावं समजावून सांगायला थोडा वेळ गेला. गप्प्याचं वर्णन ऐकून साहेब हसले.

तरुणपणी साहेब काही दिवस त्याच्याच क्लबवर काम बघायला गेले होते. एका सामन्यात त्याचा संघ मध्यंतरापर्यंत सपाटून मार खात होता. साहेबांना वाटलं, आता आत गेल्यावर हा पोरांची सालटी काढणार. गप्प्या आत गेला, त्याने संत्री सोलली, फोडी करून सगळ्यांपुढे धरल्या आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. पोरंच एकमेकांशी बोलायला लागली. तू इथे उभा राहा, मी मागे येतो, चूक माझी होती. साहेबांनी नंतर त्याला विचारलं, तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत? तो म्हणाला, ते बोलत होते ना.

“सामना जिंकले?” मास्तरांनी विचारलं.

“हरले,” साहेब म्हणाले. “पण पुढचे सगळे जिंकले. माझ्या लेखी तो पहिला. बाकीचे तुम्ही लावा कसे लावायचे ते.”

फाटक उघडलं. गाडी दोनदा बंद पडून तिसऱ्यांदा सुटली.

त्या रविवारी मास्तरांनी शटरखालून आत शिरता शिरताच जाहीर केलं, की गप्प्या पहिला. मेव्हण्याच्या हातातला भिंगं पुसायचा फडका तसाच राहिला. शेपटावरून एकदम डोक्यावर? कारण काय? मास्तरांपाशी कारण होतं, संत्र्यांच्या फोडींसकट होतं, पण सांगायची सोय नव्हती. ते नुसतं म्हणाले, मला वाटतं.

“दाजी, ‘मला वाटतं’ म्हणून तुम्ही नाचऱ्याला कधी आठवासुद्धा दिला नाहीत,” मेव्हणा म्हणाला.

बरीच ओढाताण होऊन गप्प्या चौथ्यावर थांबला. संध्याकाळी मेव्हण्याने बहिणीला फोन केला आणि दाजींची तब्येत बरी आहे ना, असं हळूच विचारलं. मास्तरीणबाईंनी साहेबांचा आवाज फोनवरच ओळखला होता, त्यामुळे त्यांना सगळं ठाऊक होतं. तब्येत उत्तम आहे म्हणाल्या आणि तोंडावर पदर धरून हसत बसल्या.

पुढच्या आठवड्यात चढाचा धडा होता. चढावर गाडी उभी करायची, आणि मागे न घसरता पुन्हा उचलायची. मोठमोठ्यांना इथे घाम फुटतो. साहेबांनी गाडी बरोबर मध्यावर थांबवली, तेवढ्यात मागे एक स्कूटर येऊन उभी राहिली. स्कूटरवाल्याने आरशात डोकावून बघितलं, ओळखलं, आणि पुढे येत काचेशी वाकून म्हणाला, “काय साहेब, इथेही खालीच घसरणार का?”

तो हसत निघून गेला. साहेबांचे कान लालबुंद झाले. त्यांच्या मागे आता एक टेम्पो आला होता. साहेबांनी हँडब्रेक सोडला, पाय चुकला आणि गाडी मागे सरकली. मास्तरांचा पाय आपल्या बाजूच्या ब्रेकवर होता. दाबला असता तर गाडी तिथल्या तिथे थांबली असती आणि चढाचा धडा पुन्हा कधीतरी घ्यावा लागला असता. टेम्पो बराच मागे होता. मास्तरांनी पाय तसाच अलगद ठेवला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, “आरशात बघू नका. क्लच थोडा वर आणा. आली बघा.”

गाडी थरथरली, थांबली, आणि चढून गेली. वर पोचल्यावर साहेबांनी गाडी कडेला घेतली, न सांगता, अगदी व्यवस्थित.

“तुमचा पाय ब्रेकवर होता,” ते म्हणाले. “मी बघितलं.”

“होता की.”

“मग दाबला का नाहीत?”

“तुम्हाला जमणार होतं म्हणून.”

साहेबांनी हँडब्रेक ओढला. मग म्हणाले, की मी असतो तर दाबला असता. पोरगं जरा डगमगलं की मी त्याला बाहेर घ्यायचो. मला वाटायचं, आपण सांभाळतोय. मास्तरांनी काच खाली केली. वर छान वारा सुटला होता.

विषय बदलावा म्हणून त्यांनी समोरची पाटी वाचायला सांगितली. साहेबांनी विचारलं, कुठली पाटी? मास्तरांनी बोट दाखवलं. साहेबांनी डोळे बारीक केले, मान पुढे काढली, आणि ती झाडाची फांदी असेल असं वाटलं म्हणाले. मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. खांबाला सॉरी का म्हटलं होतं, तेही आता कळलं. परीक्षेत आधी दूरची नंबरप्लेट वाचून दाखवावी लागते. ती वाचता आली नाही तर गाडीला किल्ली लावायचीही वेळ येत नाही.

आता चष्म्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि चष्मा म्हटलं की मेव्हणा. मास्तरांनी आपली अडचण प्रामाणिकपणे मांडली. साहेब हसून म्हणाले, की स्कूटरवाल्याने बघितलंच आहे, आता शहरभर झालं असेल. चला.

रविवारी शटरखालून आधी मास्तर आत शिरले आणि त्यांच्यामागून वाकत वाकत साहेब. मेव्हणा उठला, बसला, पुन्हा उठला. कुणाला काय म्हणावं हे न कळून त्याने दोघांनाही एकदमच “बसा” म्हटलं. मग धंद्याची सवय कामाला आली. त्याने साहेबांना खुर्चीत बसवलं, नाकावर ती जड चौकट चढवली आणि भिंगांमागून भिंगं बदलत समोरची अक्षरं वाचायला लावली. मनासारखी भिंगं बसल्यावर त्याने शटर वर ढकललं आणि रस्त्यापलीकडे बघायला सांगितलं.

साहेब उठून दारात गेले आणि बघतच राहिले. पलीकडच्या दुकानाची पाटी त्यांनी मोठ्याने वाचली. खालचा फोन नंबर वाचला. खिडकीतल्या मांजराचे डोळे हिरवे आहेत म्हणाले.

मेव्हण्याच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडत होता. “साहेब, एक विचारू का? मैदानाची पलीकडची बाजू तुम्हाला दिसत होती?”

साहेबांनी चौकट काढली, पुसली, पुन्हा घातली. “आमचा एक पोरगा पलीकडून खेळायचा,” ते म्हणाले. “मला वाटायचं, हा नुसता उभा राहतो. दर सामन्यात बाहेर काढायचो त्याला.”

“आता काय करतो तो?”

“वरच्या गटात खेळतो. गोलांवर गोल मारतोय.”

मग साहेबच आधी हसायला लागले, आणि त्यांचं हसू बघून मेव्हण्याला धीर आला. तिघांचीही हसता हसता मुरकुंडी वळली. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी भिंगं पुसायच्या फडक्याने पुसलं, आणि एरवी त्या फडक्याला कुणी हात लावलेला न खपणारा मेव्हणा काही बोलला नाही.

मग यादी निघाली. साहेबांनी गप्प्याची गोष्ट पुन्हा सांगितली, ह्या खेपेला संत्री सोलण्याच्या हातवाऱ्यांसकट. मेव्हणा ऐकता ऐकता मास्तरांकडे बघत होता. म्हणजे हे सगळं पोटात ठेवून दाजी मागच्या रविवारी मुकाट्याने चौथ्या नंबरवर तयार झाले तर. त्याने मास्तरांच्या पुढ्यात चहाचा कप सरकवला आणि गप्प्या पहिला, म्हणून मान्य केलं. थंडोबा दुसऱ्यावर गेला. प्रोफेसरला साहेबांनी असा काही खाली ढकलला, की दोघांनी मिळून त्याला पुन्हा वर ओढला.

जाता जाता साहेबांनी विचारलं, “आणि मी कितवा?”

मेव्हण्याने नियम सांगितला, की घरचा माणूस यादीत घेत नाही. मास्तर म्हणाले, आधी एक हंगाम चष्म्यातून बघा, मग आम्ही विचार करू. साहेबांना ते पटलं.

परीक्षेत नंबरप्लेट त्यांनी घडाघडा वाचली. चढावर गाडी तसूभरही मागे गेली नाही. परीक्षा घेणारे गृहस्थ क्लबचे जुने चाहते निघाले. सही करताना त्यांनी हंगामाचा विषय काढायला तोंड उघडलं, साहेबांच्या नाकावरचा चष्मा बघितला, आणि अभिनंदन एवढंच म्हणाले.

नव्या गावातल्या पहिल्या सामन्याला साहेब ह्या सगळ्यांना स्वतः न्यायला आले. पुढची जागा त्यांनी मास्तरीणबाईंना दिली. मेव्हणा आणि मास्तर मागे बसले. गावाबाहेर पडल्यावर रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना शेतं आणि वर ऊन होतं. मेव्हण्याने लांबकोटाचा विषय काढला. तो पूर्वीसारखा राहिला नाही, असं त्याचं म्हणणं होतं. मास्तर काहीच बोलेनात म्हणून त्याने वळून बघितलं.

मास्तर झोपले होते. मान खिडकीला टेकली होती, हात पोटावर होते, तोंड थोडं उघडं.

“ताई,” मेव्हणा हलक्या आवाजात म्हणाला, “दाजी झोपलेत.”

मास्तरीणबाईंनी मागे वळून बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दुसऱ्याच्या गाडीत ह्या माणसाला त्यांनी कधी डोळा मिटताना बघितलं नव्हतं. त्यांनी साहेबांना तसं सांगितलं. साहेबांनी पाठ ताठ केली, चष्मा सारखा केला, आणि पुढे एक खड्डा होता तो बाळंतिणीची खाट न्यावी इतक्या हळुवारपणे टाळला.