गाडीसोबत आलेले टायर

नवी गाडी सोनपेठजवळच्या आमच्या गावी आणली, तेव्हा पेढ्यांच्या आधी टायरांची पारख झाली. ट्रॅक्टरवाल्या चुलतभावाने टायरमध्ये नख रुतवलं, खाचा पाहिल्या आणि तोंड वाकडं केलं.

"गाडी झकास हाय, पण कंपनी टायर हलकेच टाकती. बदलून टाक."

त्याच्या डोळ्यांना ट्रॅक्टरच्या खोल खाचांची सवय, हे कळूनही माझ्या डोक्यात भुंगा शिरला. बायकोला आठवा महिना लागला होता. तिला परभणीच्या दवाखान्यात नीट नेता-आणता यावं म्हणूनच तर गाडी घाईने घेतली होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिची तपासणी होती. ती पिशवी घेऊन ओसरीवर उभी राहिली आणि मी गाडी फाटकाकडे घेतली. फाटकातल्या सिमेंटच्या चढावर पुढची चाकं नुसतीच गरगरली. गाडी मागे घसरत आली आणि बैलांच्या हौदापाशी तिरकी थांबली. पाऊस नाही, चिखल नाही. हिला घेऊन जाताना एखाद्या पुलावर असं झालं असतं तर?

भीती ओसरली तशी डोक्यात तिडीक गेली. शोरूमला फोन लावून मी कंपनीच्या नावाने शिमगा केला. समोरच्याला एक शब्द बोलू दिला नाही. चुलतभाऊ "म्या म्हनलं न्हवतं?" करत हजर झालाच.

बोलता बोलता मी टायरवर हात फिरवला. हात चिकट झाला. वास घेतला, तर करडीचं तेल! आमच्या भाजीच्या फोडणीचं. मी गपकन फोन ठेवला.

वडील गोठ्याच्या दारात उभे होते.

"बाबा, टायरला तेल कुणी लावलं?"

"म्या. सनाला बैलाच्या शिंगाला, खुराला लावलं, तसंच चाकालाबी लावलं."

"जमिनीला टेकतो त्या अंगालाबी?"

"समद्या अंगाला. कोरं कशाला ठिवायचं?"

मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच हौदाच्या काठावर बसून हसत सुटलो. टायर चांगले होते! त्यांच्यावरची ती चकाकी मी कालपासून नवेपणाची समजत होतो.

मग कपड्यांचा साबण आणि घासणी घेऊन आम्ही तिघं चाकांना भिडलो. चुलतभाऊ गुमान पाणी ओतत होता. चाकं वाळल्यावर मी गाडी त्याच चढावर नेली, मध्येच थांबवली, पुन्हा उचलली. इंचभरही घसरली नाही. माझ्या जिवात जीव आला.

वडील मात्र ओशाळून घासणी धुवत राहिले.

"उन्हात खूर तडकतंय, बैल लंगडतो," ते खाली बघतच म्हणाले. "नवं चाक वाटंत तडकू नये म्हनून लावलं. सून बसनार हाय त्यात."

बायको ओसरीवरून उतरली. "मामा, तुमी बी चला," म्हणाली. त्यांनी हात पुसले आणि गाडीत बसायच्या आधी चारही टायरांना एकदा हात लावून पाहिला.