अण्णांनी वायर काढली होती

माझ्या हातून आयुष्यात एक मोठं पाप झालं, आणि त्याची सुरुवात मी पूजा मांडताना केली. कुणाला हसू आलं तर खुशाल हसा. मला एवढ्या वर्षांत त्यात हसण्यासारखं काही सापडलेलं नाही.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. बीदरला एका बड्या अंमलदाराच्या बंगल्यावर मी माळीकामाला होतो. गाव माझं कमठाणा. घरी शेती होती, पण भाऊ चौघे आणि जमीन वाढत नव्हती, म्हणून मी बाहेर पडलो. वय पंचविशीच्या आत, लग्न झालेलं, अक्कल बेताची. बंगल्यापुढं हरळीची मोठी हिरवळ होती. साहेब तिला लॉन म्हणायचे आणि पोटच्या पोरीसारखी जपायचे. तिच्यासाठी त्यांनी पेट्रोलवर चालणारी गवत कापायची मशीन मागवली. लाकडी खोक्यात बसून ती मुंबईहून हैदराबादला आणि तिथून बीदरला आली. पुढं आडवा ढोल, त्यावर वळसे घेतलेली पोलादी पाती, मागं जड रोलर, वर इंजिन. दोन मुठी धरून माणसानं तिच्या मागून चालायचं. दोरी गुंडाळून हिसका दिला की असा काही आवाज करायची की छपरावरची सगळी कबुतरं उडायची.

मशीन होती अण्णांच्या ताब्यात. अण्णा म्हणजे बंगल्यावरचे थोरले माळी, राजेश्वर गावचे, लिंगायत घरातले. घरी कन्नड, माझ्याशी मराठी, साहेबांशी दखनी, तिन्ही भाषांत सारखेच कमी बोलायचे. सकाळी आंघोळ करून डाव्या तळहातावर इष्टलिंग घ्यायचे, पूजा करायचे आणि मगच कामाला हात. हैदराबादहून एक फिटर दोन दिवस येऊन राहिला होता. त्यानं जेवढं सांगितलं तेवढं अण्णांनी पाठ केलं, आणि त्याला माहीत नव्हतं तेही नंतर स्वतःच शोधून काढलं.

त्यांचे नियम म्हणजे माझ्या डोक्याला ताप होता. मशीन बाहेर काढायच्या आधी मला अख्खी हिरवळ वाकून तुडवायला लावायचे. आमच्याकडची माती तांबडी, मुरमाचे खडे रोज नवे वर येतात. एक खडा पात्यात गेला तर पातं जाईल नाहीतर कुणाचा तरी डोळा जाईल, असं म्हणायचे. मी टोपलीभर खडे वेचून आणले तरी स्वतः एक चक्कर मारायचे आणि नेमके दोन खडे काढून माझ्या हातावर ठेवायचे. राग यायचा मला. दव वाळल्याशिवाय कापायचं नाही. इंजिन गार झाल्याशिवाय पेट्रोल ओतायचं नाही, ओतायचं ते झाडाच्या सावलीत, आणि चौकीदार बिडी घेऊन आला तर त्याला फाटकापर्यंत हाकलायचे. मी अनवाणी मशीनीमागं उभा राहिलो तर त्यांनी आपल्या जुन्या जाड वहाणा माझ्यापुढं टाकल्या. पात्यांची जुळणी बघायला उर्दू वर्तमानपत्राची पट्टी पात्यात धरायचे. स्वच्छ कापली गेली तर ठीक, चुरगळली तर स्क्रू थोडा फिरवायचा. तो ढोलसुद्धा लाकडी काठीनं फिरवायचा, हातानं नाही.

सगळ्यात मोठा नियम वायरचा. मशीन बंद केली की इंजिनाला ठिणगी पुरवणारी, प्लगवरची वायर ओढून काढायची आणि मोठ्यानं म्हणायचं, ‘मेली’. दुसऱ्यानं ते ऐकून परत म्हणायचं, ‘मेली’. त्यानंतर पात्याजवळ जायचं. इंजिन बंदच आहे तर हा तमाशा कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. अण्णा म्हणाले, बंद आहे म्हणजे नुसती झोपली आहे, पातं हातानं फिरलं तर आतलं इंजिनही फिरतं, एखादी ठिणगी पडते आणि ती जागी होते. वायर काढली की मग मेली. मला ते पटलं, पण चारचौघांत ‘मेली मेली’ ओरडायची लाजच वाटायची.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा असते, आणि पूजा झाल्यावर हत्याराला काम सांगत नाहीत. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला साहेबांकडं पाहुणे येणार होते, म्हणून अण्णांनी उन्हं वर आल्याबरोबर हिरवळ कापून घेतली. उद्या तो शब्द तोंडातून काढायचा नाही, असं त्यांनी आदल्या दिवशीच मला बजावलं होतं. पूजेच्या दिवशी, पूजेच्या वस्तूला, ‘मेली’ कसं म्हणायचं? मलाही ते बरोबरच वाटलं. अण्णांनी मशीन लिंबाखाली आणून बंद केली. मी विहिरीपाशी खुरपी घासत होतो. त्यांनी वाकून वायर ओढलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. ते काही बोलले नाहीत, मीही बोललो नाही. ते आंघोळीला आणि आपल्या पूजेला खोलीत गेले.

मांडामांड माझ्याकडं होती. पोतं अंथरलं, त्यावर विळे, खुरपी, कात्र्या, कुदळी, पहार, आणि मधोमध मशीन. हळद-कुंकू लावत लावत प्लगपर्यंत आलो तर वायर लोंबत होती. माझं मन खट्टू झालं. खंडित वस्तूची कुणी पूजा करतं का? घरी मूठ निखळलेला विळासुद्धा आई पूजेत ठेवू द्यायची नाही. मी वायर उचलली आणि प्लगवर दाबून बसवली. वर झेंडूचं एक मोठं फूल खोचलं. पूजा झाली की काढू, अण्णांना सांगू, असं मनात होतं. खरंच होतं. पण मनात असून काय उपयोग?

अण्णा विभूती लावून आले. त्यांनी उदबत्ती ओवाळली, नारळ मला फोडायला दिला. मी जोरात आपटला आणि अर्धं पाणी पात्यांवर सांडलं. त्यांनी कपाळाला आठी घातली, पण सणाचा दिवस म्हणून रागावले नाहीत. मी खोबऱ्याचे तुकडे ताटलीत घेतले आणि स्वयंपाक्याला, चौकीदाराला, साहेबांच्या ड्रायव्हरला वाटत सुटलो. वायर माझ्या डोक्यातून पार गेली. ड्रायव्हरशी मी कशावरून तरी हसत होतो. ओलं पातं तसंच ठेवलं तर रात्रीतून गंज धरेल, म्हणून तिकडं अण्णा फडकं घेऊन बसले. वायर आपण काढली आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि फुलाखाली काय आहे ते दिसत नव्हतं. पात्यात पाकळ्या अडकल्या होत्या, त्या काठीनं निघेनात. त्यांनी डाव्या हातानं ढोल फिरवला.

इंजिन अजून पुरतं निवलं नव्हतं. ते एकदाच खोकलं. तेवढंच.

मी धावत आलो तेव्हा अण्णा हात पोटाशी धरून बसले होते आणि पोत्यावर कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं ते कळत नव्हतं. मी डोक्याचा पटका सोडून त्यांच्या हाताला गुंडाळला. साहेबांच्या मोटारीतून दवाखान्यात नेलं. डाव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याजवळचं आणि मधलं, डॉक्टरांना मधल्या पेरापासून काढावी लागली.

साहेब संध्याकाळी दवाखान्यात आले. त्यांनी मशीन स्वतः पाहिली होती, वायर प्लगवरच होती. तूच नियम केलास आणि तूच विसरलास, असं ते उर्दूतून म्हणाले. आवाजात राग कमी आणि नवल जास्त होतं. अण्णांनी आधी बांधलेल्या हाताकडं पाहिलं. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

“तू विहिरीपाशी व्हतास की रे. मी वायर काढताना बघितलास का?”

एवढाच प्रश्न. व्हय म्हणायचं होतं. व्हय अण्णा, तुमी काढली, मीच परत लावली. पण साहेब समोर उभे, नोकरी जाईल ही भीती, तुरुंगात टाकतील ही भीती, अण्णांचा तो हात समोर.

“ध्यान नव्हतं, अण्णा,” मी म्हणालो.

“मग विसरलोच असीन,” ते म्हणाले. रोज तो शब्द मोठ्यानं म्हणायची सवय, म्हणून तो म्हटल्याचं त्यांना आठवायचं. त्या दिवशी म्हटलाच नव्हता, मग आठवणार काय?

साहेबांनी त्यांना कामावरून काढलं. निष्काळजी माणसाच्या हाती इंजिन देता येत नाही, असं कारण सांगितलं. आणि मशीन कुणाला दिली? मला. अण्णा राजेश्वरला निघाले तेव्हा मी त्यांची वळकटी मोटार अड्ड्यापर्यंत उचलली. वाटेत त्यांनी मला पुन्हा सगळे नियम सांगितले, खडे, पेट्रोल, वहाणा, वायर. माझ्यागत विसरू नको, म्हणाले. मी मान खाली घालून हं हं करत होतो. थू माझ्या जिनगानीवर.

पुढं मी ती मशीन काही वर्षं चालवली. खडे दोनदा वेचायचो. वायर काढली की एकटाच ‘मेली’ म्हणायचो, आणि परत म्हणणारं कुणी नसायचं. साहेब म्हणायचे, तू आधीच्या माळ्यापेक्षा सावध आहेस. ते ऐकून जेवण जायचं नाही. बायको विचारायची, काय झालंय तुमाला? तिलाही सांगितलं नाही. मग जर्मनीची लढाई सुरू झाली, पेट्रोल मिळेना, मशीन गुदामात पडली आणि मी कमठाण्याला परत आलो. शेतात काम करताना तरी डोकं शांत होईल असं वाटलं होतं. कसलं शांत! शेवटी एका उन्हाळ्यात उठलो आणि राजेश्वरला निघालो. हुमनाबादपर्यंत मोटार, पुढं बैलगाडी. खंडेनवमीच्या त्या दिवसाला तेव्हा सात वर्षं होत आली होती.

अण्णांनी मला लांबूनच ओळखलं. जवळ बसवलं, घरच्यांची विचारपूस केली. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, भाकरी वाढली. मी खाली बघून जेवत होतो, कारण वर बघितलं की तो हात दिसायचा. पण जेवताना एक वेगळंच ध्यानात आलं. अण्णा उठले आणि गाय बांधली आहे का ते बघून आले. बसले, परत उठून बघून आले. मग अक्कांना विचारलं, गाय बांधलीय न्हवं? चुलीतला जाळ विझवला का, हे त्यांनी तीनदा विचारलं. एवढा नेटका माणूस, आणि असा? ते हात धुवायला मागं गेले तेव्हा अक्का हळूच म्हणाल्या, तिकडून आल्यापासून असंच चाललंय. गावात पिठाच्या गिरणीचं इंजिन आलं, मालक स्वतः घरी येऊन या म्हणाला, दोनदा आला. यांनी हात जोडले. माझ्या डोक्याचा भरोसा न्हाई, माझ्या हातून कुणाचा तरी जीव जाईल, म्हणाले. आता दुसऱ्याच्या रानात मजुरीनं जातात.

मी बोटांची माफी मागायला आलो होतो. हे दुसरं मला ठाऊकच नव्हतं. अण्णा येऊन बसले आणि मी सांगून टाकलं. पूजा, लोंबणारी वायर, झेंडूचं फूल, दवाखान्यातलं खोटं, सगळं. रडलोही. अण्णांनी मला थांबवलं नाही की चुचकारलं नाही.

“परत सांग,” ते म्हणाले. “मी वायर काढली व्हती?”

“व्हय अण्णा. मी बघितलो.”

त्यांनी अक्कांना हाक मारून बोलावलं आणि मला तेवढंच त्यांच्यासमोर पुन्हा सांगायला लावलं. मी सांगितलं. अक्का पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या.

“बोटाचं सोड,” अण्णा म्हणाले. “लिंग तळहातावर बसतंय. पण सात वरसं झाली, मी सवताला येडं समजायलोय. कामून न्हाई सांगितलास?”

कामून? भ्यालो म्हणून. त्यांनी शिवी दिली असती, दोन तोंडात मारल्या असत्या, तर मी त्यांचे पाय धरून बसलो असतो. ते फक्त म्हणाले, “आता जा तू.” मी पायांवर डोकं ठेवायला वाकलो तर त्यांनी पाय मागं घेतले.

मी वहाणा घालत होतो तेव्हा आतून त्यांचा आवाज येत होता. बायकोला ते पुन्हा पुन्हा विचारत होते, “ऐकलीस न्हवं? मी काढली व्हती. मी इसरलो नव्हतो.” आणि अक्का दर वेळी म्हणत होत्या, “व्हय, ऐकले.” मी अंगणातून बाहेर पडलो तरी ते विचारतच होते.