सूतभर जास्तीचं कर्ज

लेथवर सारं आयुष्य काढलेल्या त्या टर्नरला अख्खा कारखाना 'सूतभर' म्हणायचा. लोखंडाचा दांडा कातायला घेतला की हा आधी मापापेक्षा सूतभर जाड ठेवणार आणि मग शेवटी बारीक कात मारून मापात आणणार. "जास्तीचं काढता येतं, गेलेलं चिकटवता येत नाही," हे त्याचं ब्रह्मवाक्य. ऐकून ऐकून शेजारच्या मशीनवाल्यांचे कान किटले होते, पण त्याच्या हातचा एकही जॉब, म्हणजे कातायला घेतलेला नग, कधी भंगारात गेला नव्हता. मग बोलणार कोण?

तर या गड्यानं एकदा कर्ज काढलं. म्हणजे काढलं नाही, काढलंय असं सांगितलं.

झालं असं, की त्याला काम शिकवणारा उस्ताद निवृत्त झाला. हातात निधीची घसघशीत रक्कम आली, आणि गुळाला मुंगळे लागावेत तसे नातेवाईक लागले. पुतण्याला दुकान, जावयाला गाडी, कुणा मावसभावाला 'फक्त दोन महिन्यांसाठी'. वर्ष फिरायच्या आत उस्ताद त्याच कारखान्याच्या फाटकावर वॉचमनच्या कपड्यांत उभा होता. सूतभरला बघून त्यानं मान वळवली. त्या दिवशी सूतभरनं डबा न उघडताच घरी परत आणला.

घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "आजपासून आपण कर्जबाजारी."

बायको म्हणजे शेरास सव्वाशेर. तिनं भाजी चिरता चिरता विचारलं, "कितीला बुडालोय?"

"दोन लाख."

"दोन लाखांनी कोण घाबरतंय? अडीच सांगा."

ठरलं. पगारातून कापला जाणारा निधी कापला जायचाच, त्यावर ओव्हरटाइम आणि बोनस परस्पर एका फंडात जायला लागले. साठीला कुणापुढे हात पसरायचा नाही, एवढा एकच हट्ट. बाहेर मात्र दोघांनी असं नाटक वठवलं की काय सांगावं. बायको तुटक्या चेनची पर्स घेऊन लग्नकार्याला जायची. कुणी उसने मागायला आला, की तो तोंड उघडायच्या आत सूतभर त्याच्याकडेच उसने मागायचा. पाहुणा चहा अर्धा टाकून उठायचा. या नाटकाला पुरून उरला तो फक्त मेहुणा, दर खेपेला नव्या धंद्यासाठी पैसे मागायला हजर. आधी कोंबड्या, मग बाटलीबंद पाणी, मग सहा महिन्यांत दुप्पट करून देणारी कसलीशी स्कीम. मेहुण्याचा धंदा जेवढा मोठा, तेवढं भावजींचं कर्ज मोठं करावं लागे. प्रत्येक वेळी सूतभर थोडं वरच ठेवायचा. नंतर काय, कातून मापात आणू. अडीचाचे नऊ लाख झाले तरी ती कातायची वेळ काही आली नाही.

एक गोष्ट राहून गेली. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. लहान पोरांच्या पोटात काही राहत नाही म्हणून तिला सांगितलं नव्हतं. शाळा संपली की सांगू म्हटलं, मग नोकरी लागली की सांगू म्हटलं. आता ती तेवीस वर्षांची होती, डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढायची, आणि बापाच्या निवृत्तीला पाच वर्षं उरली होती.

एका रविवारी तिच्या उशीखाली आईला एक पत्र सापडलं. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत दोन वर्षांच्या शिक्षणासाठी तिची निवड झाली होती. होकार कळवायची मुदत बुधवारपर्यंत होती.

"नाही म्हणून कळवणार आहे," मुलगी म्हणाली. "चार वर्षं पगारातून बाजूला टाकतेय. बाबा रिटायर व्हायच्या आत निदान निम्मं कर्ज फिटायला हवं. मी गेले तर तुम्हाला कोण बघणार?"

सूतभरला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यानं बायकोकडे पाहिलं. बायको पदरानं कोरडाच ओटा पुसत होती.

"कर्ज नाहीये," तो म्हणाला.

"मला पाठवायला खोटं बोलू नका."

एकोणीस वर्षं खोटं बोलला तेव्हा सगळ्यांचा विश्वास बसला, आणि आता खरं बोलला तर घरातच कुणी ऐकेना. त्यानं कपाटातून फंडाचा उतारा आणून तिच्यापुढे ठेवला. तिनं शेवटचा आकडा पाहिला आणि ती पांढरीफटक पडली.

"हे आणखी कुणाकडून घेतलेत?"

शेवटी तिला पहिल्या पानापासून वाचायला बसवलं. महिन्यामागून महिना तिचं बोट खाली सरकत गेलं. मध्येच एका ओळीवर थांबलं.

"पाचवीत असताना समुद्रावर सहल गेली होती. बाराशे भरायचे होते. तुम्ही म्हणालात, कर्जाचा हप्ता आहे." तिनं मान वर केली नाही. "त्याच महिन्यात इथं बोनस भरलाय."

"तुझा मामा तेव्हा मुक्कामाला होता," सूतभर पुटपुटला. "तुला पाठवली असती, तर पैसे आहेत हे त्याला कळलं असतं."

"मामा बसला होता म्हणून मी घरी. अख्खा वर्ग गेला होता, बाबा."

त्याला रडू आलं. आयुष्यात एकच जॉब भंगारात काढला, आणि तो नेमका हा, असं त्याला वाटलं.

मुलीनं डोळे पुसले, नाक ओढलं आणि कागद-पेन्सिल त्याच्यापुढे सरकवली. "त्या बाराशेवर फंडाच्या दरानं व्याज काढा. चक्रवाढ लावा. तेरा वर्षं."

"अगं..."

"काढा म्हणते ना."

त्यानं दहा टक्क्यांनी काढलं. दोनदा तपासलं. चार हजार एकशे बेचाळीस झाले.

"वर बहात्तर पैसे आहेत, तेही धरा," कागदात डोकावून ती म्हणाली. "एवढे द्या. फीला माझे साठवलेले आहेत, आता ते फेडायचे कुणाला? बुधवारी होकार कळवते."

सोमवारी सूतभर अर्धी सुट्टी टाकून फंडाच्या कचेरीत गेला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच पैसे काढत होता. खिडकीतल्या बाईनं अर्ज परत सरकवला. काढण्याचं कारण लिहायचं राहिलं होतं.

त्यानं पेन घेतलं आणि लिहिलं, मुलीची सहल.